‘विशेष काही नाही!’

मुलांनो,

आज एका कोड्याने सुरुवात करू या. असं कोणतं वाक्य आहे, जे रोज संध्याकाळी घराघरांतून हमखास ऐकू येतं? फार डोकं खाजवू नका, उत्तर अगदी सोपं आहे. आई विचारते, “काय रे, आज शाळेत काय झालं?” आणि तुम्ही दप्तर कोपऱ्यात टाकत, एक बूट इकडे आणि एक तिकडे भिरकावत म्हणता, “विशेष काही नाही!”

बरोबर ना? हसू नका. रोजनिशी लिहायला सांगितली, की वह्यांमध्येही हेच वाक्य वेगवेगळे कपडे घालून येतं. ‘सकाळी उठलो. दात घासले. चहा-पोळी खाल्ली. शाळेत गेलो. घरी आलो. खेळलो. झोपलो.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी एखादा हुशार गडी नुसतं लिहितो, ‘वरीलप्रमाणे’!

आता आपण एक छोटंसं गणित करू. वर्षाचे दिवस ३६५. त्यांतला एक वाढदिवस, एक निकालाचा, एक सहलीचा, एक स्नेहसंमेलनाचा. दिवाळी, गणपती, लग्नकार्यं, यात्रा धरून आणखी वीसेक दिवस काढा. उरले किती? जवळजवळ ३४० दिवस! या सगळ्या दिवसांवर आपण ‘विशेष काही नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो. म्हणजे वर्षातून पंचवीस दिवसच आपण खरे जगतो आणि बाकीचे नुसते ढकलतो, असंच नाही का झालं?

आपल्या मनात कुठेतरी असं पक्कं बसलेलं असतं, की यश म्हणजे व्यासपीठावर जाऊन ढाल घेणं, वर्तमानपत्रात फोटो येणं, नव्वदच्या वर टक्के मिळणं. ज्याला हे मिळालं तो यशस्वी. ज्याला नाही मिळालं, तो रांगेत मागे उभा. मग वर्गातल्या पंचेचाळीस मुलांपैकी चाळीस मुलांना वाटायला लागतं, की आपल्यात काही विशेष नाही. ‘आज काही विशेष झालं नाही’ इथून निघालेली गाडी ‘माझ्यातच काही विशेष नाही’ या स्टेशनावर कधी येऊन थांबते, ते कळतही नाही. म्हणून हे साधं वाटणारं वाक्य मला काळजीचं वाटतं.

आज तुम्हाला अशा एका माणसाची गोष्ट सांगते, ज्याने ‘विशेष काही नाही’ अशा गोष्टीकडेच आयुष्यभर पाहिलं.

मुंबईच्या खेतवाडीत एक मुलगा राहत होता. जन्म १८९६ सालचा. अगदी लहानपणीच आईवडील गेले, मामा-मामींनी वाढवलं. घरात शिकारीचा शौक होता, त्यामुळे या मुलाच्या हातातही छऱ्यांची बंदूक आली. (आज असं कुणी करायचं नाही बरं का! पुढे हाच मुलगा पक्ष्यांच्या रक्षणासाठी जन्मभर झटला.) नऊ-दहा वर्षांचा असताना त्याने चिमण्यांच्या एका घरट्याबद्दल नोंद लिहून ठेवली. नर बाहेर एका खिळ्यावर बसायचा, मादी आत अंड्यांवर. नर मारला गेला, तर थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर हजर! हे त्याने पुन्हा पुन्हा घडताना पाहिलं आणि लिहिलं. मोर नाही, गरुड नाही, साधी घरातली चिमणी! जिच्याकडे कुणी मान वळवूनही पाहत नाही, तिच्याबद्दल एका लहान मुलाने केलेली ती नोंद.

पुढे एकदा त्याने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ‘ही कोणती चिमणी?’ मामांना सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्ड नावाच्या साहेबांनी चिमणी ओळखली, पेंढा भरून जपलेले कितीतरी पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकंही दिली. एका साध्या प्रश्नाने एक दार उघडलं.

ओळखलंत ना हा मुलगा कोण ते? डॉ. सालिम अली!

तुम्ही म्हणाल, “बाई, ते काय, मोठेच होते! हुशार असणार, पहिला नंबर येत असणार.” नाही हो! डोकेदुखीने ते बेजार असत, त्यापायी शाळा मध्येच सुटली होती. मॅट्रिक कसेबसे पास झाले. कॉलेजही अर्धवट सोडून ब्रह्मदेशात घरच्यांच्या धंद्यावर गेले. विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी नोकरी हुकली. पुढे १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून काम मिळालं. मग रजा काढून जर्मनीत बर्लिनला जाऊन पक्ष्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. १९३० साली मोठ्या उमेदीने परत आले, तर काय! पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली.

वय तिशी ओलांडलेलं. हातात नोकरी नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘फेल’! तेव्हा कुणी त्यांना विचारलं असतं, “काय, कसं काय चाललंय?” तर आपल्यासारखा एखादा म्हणाला असता, “विशेष काही नाही.”

ते पत्नी तेहमिनांसह अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे दिवस. सुगरणीची घरटी तर कोकणात, देशावर, खानदेशात, सगळीकडे दिसतात. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला, शिंदीला, माडाला लटकलेले ते खोपे तुम्ही कितीदा तरी पाहिले असतील. गावातल्या लोकांच्या दृष्टीने त्यात नवल ते काय? पण सालिम अलींनी शिडी उभी केली, तिच्यावर कापडाचा आडोसा केला आणि आत बसून पाहायला सुरुवात केली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. दिवसामागून दिवस! पाहायचं आणि वहीत लिहायचं, पाहायचं आणि लिहायचं.

आणि काय दिसलं माहीत आहे?

घरटं विणतो तो नर! चांगला स्वयंपाक करणाऱ्या बाईला आपण ‘सुगरण’ म्हणतो, पण इथे विणकाम सगळं बाप्याचं! तो गवताच्या किंवा भाताच्या पातीला चोचीने खाच पाडतो आणि तसाच उडत लांब पट्टी सोलून आणतो. एका घरट्यासाठी अशा पाचशेपर्यंत फेऱ्या होतात आणि सुमारे १८ दिवस लागतात. पण गंमत पुढेच आहे. घरटं अर्धं झालं, उलट्या टोपीसारखं दिसायला लागलं, की नर थांबतो. पंख फडफडवून, आवाज करून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत-बाहेर नीट पाहते. तिला पसंत पडलं तरच तो पुढचं काम करतो, खाली लांब नळीसारखं दार विणतो. पसंत नाही पडलं, तर ते घरटं अर्धवटच राहतं आणि नर दुसरं विणायला घेतो. आणि एक घरटं पसंत पडून मादी आत अंड्यांवर बसली, तरी हा शेजारी नव्या मादीसाठी नवं घरटं सुरू करतो!

झाडावर ती अर्धवट घरटी का लटकलेली असतात, याच्याबद्दल लोक काय काय सांगत. कुणी म्हणे, ती नराची बसायची जागा. आणखी एक गोष्ट तर तुमच्या आजीनेही सांगितली असेल, की सुगरण घरट्यात मातीचे गोळे लावते आणि त्यात काजवे चिकटवून दिवे लावते! मातीचे गोळे खरेच असतात हं. हलकं घरटं वाऱ्यावर फार हेलकावू नये म्हणून ते असावेत. काजव्यांच्या दिव्यांना मात्र पुरावा मिळालेला नाही. गोष्ट गोड आहे, पण खरं काय ते बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

किहीमच्या त्या निरीक्षणांवर सालिम अलींनी जो लेख लिहिला, त्यामुळे पक्षिशास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव झालं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक १९४१ साली आलं. डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी पक्ष्यांवरचे दहा खंड लिहिले. १९७६ साली पद्मविभूषण मिळालं. महाराष्ट्रात २०२० पासून दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत.

पण मला त्या पद्मविभूषणापेक्षा किहीमची शिडी मोठी वाटते. कारण शिडीवर बसलेल्या माणसाला पुढचं काही ठाऊक नव्हतं. बक्षीस समोर दिसत होतं म्हणून तो बसला नव्हता. समोर जे होतं ते त्याला मनापासून पाहावंसं वाटलं, म्हणून बसला होता.

आता त्याच सुगरणीकडे पाहणाऱ्या आणखी एका व्यक्तीची आठवण करू. बहिणाबाई चौधरी! जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली जन्म. शाळा नाही, अक्षरओळख नाही. तेराव्या वर्षी लग्न, ऐन तिशीत वैधव्य. पहाटे जातं, मग शेत, मग चूल. हे सगळं आपल्या हिशेबाने ‘वरीलप्रमाणे’! पण जात्यावर बसल्या बसल्या, शेतात राबता राबता त्यांना गाणी सुचत. पेरणी, चूल, तवा, मोट, वारा आणि सुगरणीचा खोपा. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी ती लिहून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं १९५२ साली. स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही!

मग त्या यशस्वी झाल्या की नाही? ढाल नाही, सत्कार नाही, फोटो नाही. पण दळता दळता एखादी ओळ मनासारखी जुळली असेल, तेव्हा त्यांना जे वाटलं असेल ना, ते यशच नव्हे का? दळण तर घरोघरी होतं. त्या दळणाला अर्थ आला, तो त्यांच्या पाहण्यामुळे.

गंमत म्हणजे, त्यांच्या गाण्यात घरटं मादी विणते आणि शास्त्र सांगतं नर विणतो. म्हणून गाणं खोटं ठरत नाही. बहिणाबाईंनी आईची माया पाहिली, सालिम अलींनी विणकराची रीत पाहिली. पाखरू तेच, विहीरही तशीच. दोघांनीही ‘यात काय विशेष?’ असं म्हटलं नाही, एवढंच. आपण मात्र अर्थ शोधायला कुठे कुठे भटकतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

“पण बाई, आमच्या घराजवळ विहीर नाही, बाभूळ नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही काय पाहायचं?”

छान प्रश्न! माझ्या वर्गात मुलं ‘आज पाहिलं’ नावाची वही ठेवतात. रोज फक्त चार ओळी. त्यांतल्या दोन वह्यांबद्दल सांगते, नावं मात्र सांगणार नाही.

एका मुलाच्या बाबांचं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बाबा काय करतात, असं कुणी विचारलं की तो मान खाली घालायचा. वहीत लिहायला काही सुचेना, म्हणून एक दिवस त्याने पंक्चर काढताना पाहिलं. ‘बाबांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. बुडबुडे आले तिथे खूण केली. ट्यूब पुसून काचपेपरने घासली. सोल्यूशन लावलं आणि बाबा थांबले.’ खाली प्रश्न होता, ‘लगेच पॅच का नाही लावला?’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘बाबा म्हणाले, सोल्यूशन जरा सुकू द्यावं लागतं. घाई केली की पॅच सुटतो.’ मुलांनो, हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं. गणित सोडवताना, भांडण मिटवताना, कितीतरी ठिकाणी आमच्या वर्गात आता ‘सोल्यूशन सुकू द्या रे!’ असं म्हणतात. आणि तो मुलगा? तो आता ‘आमच्या दुकानात’ असं म्हणून बोलायला सुरुवात करतो. मान वर करून!

दुसरी वही एका मुलीची. तिने सलग चार दिवस एकच गोष्ट लिहिली होती. ‘आज आई सगळ्यांत शेवटी जेवली.’ ‘आजही आई शेवटी जेवली. भाजी उरली नव्हती.’ पाचव्या दिवशी लिहिलं, ‘आज मी वाढलं. आईला आमच्याबरोबर बसवलं. आई म्हणाली, बरं वाटलं गं.’ बस, एवढंच. या नोंदीला मी किती गुण देणार? दहापैकी दहा दिले तरी ते कमीच. त्या मुलीने काही पाठ केलं नव्हतं, स्पर्धा जिंकली नव्हती. पण चौथ्या आणि पाचव्या दिवसाच्या मधल्या रात्री ती मोठी झाली होती. उंचीने नव्हे, मनाने!

तेव्हा मुलांनो, आपण वाढतो ते असं. आधी पाहायचं, मग ‘का?’ विचारायचं आणि मग जमेल तेवढं करायचं. पाहणं म्हणजे नुसता मोबाइलवर फोटो काढणं नव्हे हं! फोटो काढला की आपण पुढे चालू लागतो. लिहायला बसलं, की ‘अरे, त्याची शेपटी कशी होती?’ असा प्रश्न पडतो आणि पुन्हा जाऊन पाहावं लागतं. त्या ‘पुन्हा’मध्येच सगळी मजा आहे.

आणि एक खरं सांगते. ही वही लिहिली की तुमचा पहिला नंबर येईल, असं मी मुळीच म्हणणार नाही. कदाचित येईल, कदाचित नाही. कधी चार दिवस छान लिहाल आणि पाचव्या दिवशी विसराल. वही अर्धी राहील. राहू द्या! सुगरणीच्या झाडाकडे पाहा. तिथेही अर्धी घरटी लटकलेलीच असतात. सुगरण काही आपल्याला धडा शिकवायला घरटं बांधत नाही, धडा आपण घ्यायचा. एक अर्धं राहिलं, म्हणून ती विणणं सोडत नाही.

आता दोन शब्द तुमच्या आईबाबांसाठी.

पालकहो, या वहीची परीक्षा करू नका. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने काढू नका, त्यासाठी आम्ही शिक्षक आहोत. शेजारच्या मुलाच्या वहीशी तुलना तर नकोच. संध्याकाळी ‘किती मार्क मिळाले?’ याऐवजी एकदा ‘आज काय पाहिलंस?’ असं विचारून बघा. पहिले दोन-चार दिवस मूल गोंधळेल, तुमच्या तोंडाकडे बघेल. मग बोलायला लागेल. तेव्हा हातातलं काम, मोबाइल किंवा टीव्हीचा रिमोट दोन मिनिटं बाजूला ठेवा आणि ऐका. आणि हो, तुम्हीही आपल्या दिवसातलं काही सांगा. तुम्ही कार्यालयात, शेतात, दुकानात, स्वयंपाकघरात दिवसभर जे करता, त्यात सांगण्यासारखं खूप आहे. आपले आईबाबा काय करतात, ते मुलांना बऱ्याचदा नीट माहीतच नसतं.

चला, आता या आठवड्याचा उपक्रम!

एक वही घ्या. नवी कोरी पाहिजे असं नाही. जुन्या वह्यांची कोरी पानं दाभणाने शिवलीत तर फारच छान. सात दिवस, रोज चार ओळी. पहिल्या ओळीत तारीख, वेळ आणि जागा. दुसऱ्या ओळीत पाहिलेली एकच गोष्ट. गॅलरीतलं कबूतर चालेल, पोळी फुगताना चालेल, नळाला पाणी येण्याआधी होणारा आवाजही चालेल. तिसऱ्या ओळीत, आधी कधीच लक्षात न आलेलं काहीतरी. आणि चौथ्या ओळीत एक प्रश्न. उत्तर लगेच मिळालं नाही तरी हरकत नाही. एखादा प्रश्न सात दिवस तसाच राहिला, तर तो मोठ्या माणसाला विचारा, पुस्तकात शोधा, नाहीतर पुन्हा जाऊन बघा. पुन्हा जाऊन बघणं सगळ्यांत चांगलं!

सातव्या दिवशी सगळ्या नोंदी घरात मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांतली तुम्हाला सर्वांत आवडलेली एक नोंद या पानासाठी पाठवा. अक्षर कसंही असू द्या, मला वाचता येतं. रोज चाळीस वह्या वाचायची सवय आहे!

पेन्सिलीला टोक काढा. आजचा दिवस अजून संपलेला नाही.

तुमच्या,
बाई